शिडाचा डोंगा

मंडईच्या दुसऱ्या दिवशी, भारी धान अजून उभा असताना,
आमच्या तलावात डोंग्यांची शर्यत असते.
सतरा डोंगे. मोहाचे, बिजाचे,
एक सावरीचा, तो दर वर्षी झिरपतो
आणि पैकूची बायको शर्यतभर
तेलाच्या डब्याने पाणी उपसत असते.
सलंगापासून तुडुमापर्यंत.
तुडुमावर मी बसते, संस्थेचं रजिस्टर मांडीवर,
आणि बापाचं घड्याळ, जे शर्यतीपुरतं चालतं.

बक्षीस स्टीलची बादली, एक कोंबडा,
आणि पाणी उतरेल तेव्हा पहिलं जाळं टाकायचा मान.
बादलीसाठी कोणी वल्हवत नाही.

त्या वर्षी झिबल परत आला होता
बारा वर्षं मालप्याच्या बोटींवर काढून.
आणलं काय, तर डाव्या हाताची दोन बोटं कमी
आणि गाठी.
शेळी बांधली तरी अशी बांधायचा
की मायला सुटेना, शेळीलाही सुटेना.
त्याने युरियाची पोती उसवून शीड शिवलं,
रमशीलाच्या मशीनच्या दोन सुया मोडल्या.
उन्हात धरलं की त्यावर उलटं दिसायचं
४६ टक्के नत्र.

"डोंग्याले लुगडं नेसवलं का रे?" कचरीबुढी बोलली,
आणि सारी पाळ हसली.
दसरू पंच म्हणाला, शीड चालत नाही असं
नियमात कोटी लिवलं नाही.
नियम कुठेच लिहिलेले नव्हते.

शिट्टी झाली.
सोळा डोंगे सुटले, बांबू चिखलात रुतत, निघत,
शिंगाड्याचे वेल वल्ह्यांना गुंडाळत,
पोरं पाळीवरून धावत, एक पडलं, उठलं, पुन्हा धावलं.
सतरावा जागेवरच.
पान हलत नव्हतं. पाणी थाळीतल्या पेजेसारखं.
झिबलने वल्हं उचललं नाही.
मान वर करून बसला होता,
जसं कोणी दुसऱ्याच्या ओसरीत बसावं, बोलावणं येईपर्यंत.

सात मिनिटं, पैकू.
पाठोपाठ कवडू, मग बाकीचे, चिखलाने माखलेले, शिव्या देत.
झिबलच्या नावापुढे मी रेघ ओढली.

नंतर विचारलं त्याला, लाज नाही वाटली?
म्हणाला, "समुद्रात वाट पाहणं हे बी काम असते.
त्याचा पगार भेटते."

मग भात, मटणाचा रस्सा, कोंबड्यावरून भांडण,
दंडारीवाल्यांच्या ढोलकीला कोणी शेकत होतं.
आणि ऊन पिवळं पडताना, कोणाचं लक्ष नसताना,
डोंगरीकडून वारा उतरला.

काठाला फक्त बुड टेकवून ठेवलेला तो डोंगा
आधी नुसता वळला, झोपेत कूस बदलावी तसा.
शीड भरलं.
मी आयुष्यात पाण्यावर इतकं गुपचूप जाणारं काही पाहिलं नव्हतं.
बांबू नाही, वल्हं नाही, माणूस नाही,
कमळाच्या पानांवरून, सारसाच्या जोडीला वळसा घालून,
तो रिकामा निघाला तुडुमाकडे.
पत्रावळी हातात धरून माणसं उभी राहिली.
ज्याने गाव सोडलं नाही त्या पैकूने
बादली खाली ठेवली.

झिबल धावला नाही.
सगळ्या गाठी सोडवता येतात, तीच एक त्याने बांधली नव्हती,
विसरला होता की नाही, मी विचारलं नाही.

कचरीबुढी मात्र मला विचारत होती,
इथून पानी जाते कोटी?
तुडुमातून नहरात, म्हटलं, नहरातून चुलबंदेत,
चुलबंदेतून वैनगंगेत. पुढचं मला नीट ठाऊक नव्हतं.
"मंग जाऊ दे ना त्याले," ती म्हणाली,
आणि भाताकडे वळली.

डोंगा तुडुमाच्या दगडाला लागला,
हलकासा, दार वाजवल्यासारखा.
मी घड्याळ पाहिलं. ते बंद पडलं होतं.